पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलचे सील वारंवार का गळते: गिअर ऑइलची निवड, पातळी आणि ब्रीदर

सव्वा वर्षात माझ्या पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलचे पिनियन सील (इंजिनची ताकद अ‍ॅक्सलमध्ये नेणारा लहान गिअर, म्हणजे पिनियन, त्याच्या शाफ्टभोवती ऑइल रोखणारी कडी) तीन वेळा बदलावे लागले. पहिल्या वेळी सील जुने झाले असावे असे वाटले. दुसऱ्या वेळी आधीचे सील हलक्या प्रतीचे होते असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले आणि ते मला पटलेही, कारण बाजारात तशी सील सर्रास मिळतात. तिसऱ्या वेळी मात्र सील बसवून जेमतेम अडीच महिने झाले होते, ते चांगल्या बनावटीचे होते आणि माझ्या डोळ्यांसमोर बसवले गेले होते. त्यामुळे दोष सीलमध्ये शोधणे थांबवून हाउसिंगच्या (गिअर आणि ऑइल ज्यात असते त्या अ‍ॅक्सलच्या कवचाच्या) आत काय चालले आहे ते पाहणे भाग पडले. हीच तक्रार आमच्या भागातल्या पाच-सहा गाडीवाल्यांकडून मी ऐकली आहे आणि त्यांतल्या प्रत्येकाने सीलवरच पैसे घातले आहेत, म्हणून हा सगळा तपास येथे तपशिलाने लिहीत आहे.

गाडीचे काम काय आहे ते आधी सांगतो, कारण ऑइलची निवड कामावर अवलंबून असते. माझी गाडी ओतूरच्या बाजूने टोमॅटो आणि भाजीपाला घेऊन माळशेज घाट उतरते आणि कल्याणच्या बाजारात माल टाकते. २० किलोचे ७५ क्रेट म्हणजे दीड टन वजन होते. जाताना भरलेली गाडी घाट उतरते आणि येताना रिकाम्या क्रेटबरोबर सिमेंट, पत्रे किंवा पशुखाद्य घेऊन तोच घाट चढते. पावसाळ्यात गावाकडच्या ओढ्यावरच्या फरशी पुलावर पाणी असते आणि कधी कधी ते चाकाच्या हबपर्यंत येते. गाडी मी जुनी घेतलेली आहे. विकणाऱ्याकडे तिची मालक-पुस्तिका नव्हती आणि मीही ती मिळवण्याचा प्रयत्न तेव्हा केला नाही. पुढच्या सगळ्या त्रासाची सुरुवात या हलगर्जीपणातून झाली, असे मी आज मानतो.

लक्षणे ज्या क्रमाने दिसली तो क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवातीला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब फिरता दांडा) जिथे अ‍ॅक्सलला जोडला जातो त्या फ्लँजभोवती ओलसर धूळ चिकटलेली दिसू लागली आणि बॉडीच्या खालच्या बाजूला, बरोबर फ्लँजच्या रेषेत, ऑइलचा उडालेला काळा पट्टा उमटला. पुढे ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या दरम्यान अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून हुं असा लांबट आवाज येऊ लागला. पाय पुन्हा दाबला की तो कमी होई. शेवटी ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू लागली. डाव्या मागच्या चाकाचा ड्रम काढला तेव्हा ब्रेकचे लायनर ऑइलने भिजलेले निघाले, म्हणजे पिनियनच्या सीलबरोबर त्या बाजूचे अ‍ॅक्सल सीलही गळू लागले होते. भरलेली गाडी घाट उतरत असताना एका चाकाचा ब्रेक असा निकामी होणे किती घातक आहे हे वेगळे सांगायला नको. या टप्प्यापर्यंत थांबू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

फिलर प्लग उघडल्यावर काय दिसले

तिसऱ्या गळतीनंतर मी गाडी आळेफाट्याच्या बाजूच्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. गाडी रस्त्यावरून तशीच गरम आलेली होती. त्यांनी सीलला हात लावण्याआधी हाउसिंगचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचे बूच) सैल केला, तेव्हा आतून फुस्स करून हवा सुटली आणि तिच्याबरोबर उडालेले ऑइल त्यांच्या मनगटावर आले. प्लग तसाच धरून ते म्हणाले, "दादा, हिला श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. सील काय करणार?" मग त्यांनी अ‍ॅक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला असलेली, बोराएवढी, टोपीसारखी वस्तू दाखवली. तो ब्रीदर होता. त्याची टोपी बोटाने सहज हलायला हवी, ती मातीने विटेसारखी घट्ट बसली होती.

ब्रीदर बंद असला की काय होते, याचे गणित सोपे आहे. सकाळी गाडी निघते तेव्हा हाउसिंगमधली हवा समजा ३० अंश सेल्सिअसला असते. घाट चढताना ऑइल ११० अंशांपर्यंत तापले आणि हवेला बाहेर जायला वाट नसली, तर आतला दाब सुमारे चौथ्या हिश्श्याने वाढतो, म्हणजे दर चौरस इंचाला पावणेचार पौंडांच्या आसपास जास्तीचा दाब तयार होतो. ऑइल स्वतःही तापून फुगते आणि हवेची जागा कमी करते, ती भर वेगळीच. पिनियनचे आणि अ‍ॅक्सलचे सील ऑइल आत राखण्यासाठी बनवलेले असते. त्याचा ओठ एका बारीक गोल स्प्रिंगच्या जोरावर शाफ्टला टेकलेला असतो, आणि सततचा दाब पेलणे हे त्याचे काम नव्हे. त्यामुळे ऑइल ओठाखालून बाहेर येते, आणि नवे सील बसवले तरी तेच घडते.

याची दुसरी बाजू अधिक नुकसानकारक आहे. तापलेली हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरली की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर बंद असल्यामुळे बाहेरची हवा त्या वाटेने आत येऊ शकत नाही, आणि मग अ‍ॅक्सल सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढले जाते. माझ्या गाडीचे ऑइल काढले तेव्हा ते गढूळ आणि ताकाळ निघाले. ऑइलमध्ये पाणी आहे की नाही याची शंका असेल तर थोडे ऑइल काचेच्या बाटलीत घालून रात्रभर ठेवावे, पुष्कळदा तळाशी पाणी दिसते. दुसरी रीत अशी की पत्र्याचा टाकाऊ तुकडा तापवून त्यावर ऑइलचा एकच थेंब लांबून टाकावा. पाणी असेल तर फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. हा प्रयोग उघड्यावर करावा आणि थेंबापेक्षा जास्त ऑइल घेऊ नये.

ब्रीदर साफ केला असता आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर गळती कदाचित थांबली असती, पण घुमणारा आवाज थांबला नसता. त्याचे कारण ऑइलमध्ये होते.

नव्वद नंबर म्हणजे काय, आणि काय नव्हे

आमच्याकडे दुकानात जाऊन "नव्वद नंबर द्या" एवढेच म्हणायची पद्धत आहे. दुकानदारही तेवढ्यावर डबा देतो. माझ्या अ‍ॅक्सलमध्ये आधीच्या दोन्ही वेळी कोणते ऑइल घातले होते हे शोधायला मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा तिथे कोपऱ्यात पडलेल्या रिकाम्या डब्यावर ९० हा आकडा होता आणि त्याखाली लहान अक्षरांत जीएल-४ असे छापलेले होते. गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल, दोन्हींत तेच घातले जात होते. गाडीची पुस्तिका मी नंतर सर्व्हिस सेंटरमधून मिळवली. तिच्यात मागच्या अ‍ॅक्सलसाठी ८५ डब्ल्यू १४०, जीएल-५ आणि गिअरबॉक्ससाठी जीएल-४ असे स्वतंत्र लिहिलेले आहे.

डब्यावरचे हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ९०, ८० डब्ल्यू ९०, ८५ डब्ल्यू १४० हे आकडे ऑइल किती घट्ट आहे ते सांगतात, तर जीएल-४ किंवा जीएल-५ हे ऑइलमध्ये दातांच्या रक्षणासाठी कोणत्या ताकदीची रसायने घातली आहेत ते सांगते. घट्टपणा बरोबर आणि जीएल चुकीचा, किंवा याच्या उलट, असे दोन्ही प्रकार घडू शकतात. म्हणून दोन्ही आकडे पुस्तिकेशी जुळले पाहिजेत.

अ‍ॅक्सलला जीएल-५ का लागते हे समजण्यासाठी क्राऊन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियन एकमेकांना कसे भेटतात ते पाहावे लागते. बहुतेक पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये हायपॉइड पद्धतीचे गिअर असतात. साध्या बेव्हल गिअरमध्ये पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेला छेदते. हायपॉइडमध्ये ती तिच्या बऱ्याच खालून जाते. १९२० च्या दशकात ही रचना मोटारींत आली ती यामुळे की प्रोपेलर शाफ्ट खाली घेता येतो, पिनियन जाड करता येतो आणि एका वेळी जास्त दात एकमेकांत गुंतल्यामुळे गाडी शांत चालते. या फायद्याची किंमत मात्र ऑइलला मोजावी लागते, कारण हायपॉइडचे दात एकमेकांवरून केवळ लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने घसटतही जातात. पाट्यावर वरवंटा ओढावा तसे ते आहे. अशा घसटीत ऑइलचा थर जागोजाग तुटतो आणि धातूला धातू टेकतो.

तो क्षण निभावून नेण्यासाठी जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसयुक्त रसायने घातलेली असतात. दात टेकताना त्या बिंदूपुरते तापमान एकदम वाढते, त्या उष्णतेने ही रसायने पोलादाशी संयोग पावतात आणि दातावर अतिशय पातळ पण मऊ असा थर तयार करतात. घसट त्या थराची होते, पोलाद वाचते. थर झिजला की पुन्हा तयार होतो. गिअर ऑइलचा डबा उघडताच नाकात जाणारा उग्र वास याच गंधकयुक्त रसायनांचा असतो. जीएल-४ मध्येही ही रसायने असतात, पण त्यांचे प्रमाण साधारण निम्मे असते. कमी घसटीच्या गिअरसाठी ते पुरेसे असते, भार ओढणाऱ्या हायपॉइडसाठी नसते.

मग सगळीकडेच जीएल-५ का घालू नये, असा प्रश्न मला दुकानात अनेकदा विचारला गेला आहे. गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) रिंगा पुष्कळदा पितळेच्या असतात. तीव्र गंधकयुक्त रसायने तापल्यावर तांब्याच्या मिश्रधातूंना खातात, आणि शिवाय जीएल-५ इतके निसरडे असू शकते की त्या रिंगांना पकड घेता येत नाही आणि गिअर कुरकुरत पडतात. म्हणून गिअरबॉक्सला पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर तिथे जीएल-५ घालू नये. एकाच डब्यातून दोन्हीकडे ऑइल ओतण्याची सवय सोडली की निम्म्या चुका तिथेच संपतात.

जीएल-५ हा दर्जा कागदावर ठरत नाही. त्यासाठी ऑइल प्रत्यक्ष अ‍ॅक्सलमध्ये भरून पाहिले जाते: कमी वेग आणि जबर ओढ असताना दात टिकतात का, जास्त वेगात धक्के बसल्यावर ते ओरखडतात का, आणि ऑइलमध्ये पाणी मिसळल्यावर हाउसिंग गंजते का, अशा स्वतंत्र चाचण्या त्यात आहेत. काही डब्यांवर जीएल-५ बरोबर एमआयएल-एल-२१०५डी किंवा एसएई जे २३६० असेही छापलेले असते. पहिला अमेरिकी लष्कराचा जुना दर्जा आहे आणि दुसरा त्या परंपरेतला आजचा, ज्यात प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचण्याही लागतात. दोन सारख्या किमतीच्या डब्यांतून एक निवडायचा झाला तर जे २३६० लिहिलेला मी घेईन.

घट्टपणा किती हवा

गिअर ऑइलच्या आकड्यांची तुलना इंजिन ऑइलच्या आकड्यांशी करू नये. गिअर ऑइलचे ९० हे घट्टपणात इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या आसपास बसते; दोन्हींचे माप वेगळ्या पट्टीवर लिहितात एवढेच. गिअर ऑइलच्या पट्टीवर ९० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचे एकक) आणि १४० म्हणजे २४ ते ३२.५ सेंटिस्टोक्स. २००५ पूर्वी ९० चा पट्टा थेट २४ पर्यंत जात असे, म्हणून त्या काळातले दोन नव्वद नंबर एकमेकांपासून बरेच वेगळे असू शकत. नंतर मध्ये ११० हा आणखी एक नंबर घालण्यात आला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा आहे. ८५ डब्ल्यू हे ऑइल उणे १२ अंशांपर्यंत आणि ८० डब्ल्यू उणे २६ अंशांपर्यंत ठरलेल्या मर्यादेत वाहते. जुन्नर तालुक्यातल्या डिसेंबरच्या पहाटेला यांपैकी कशाचीच अडचण येत नाही, त्यामुळे आपल्याकडे निवड ठरते ती दुसऱ्या आकड्यावर.

१४० नंबरचे ऑइल तापल्यावरही दातांमध्ये जाड थर राखते, म्हणून सतत भार ओढणाऱ्या आणि घाटात रांगत चालणाऱ्या गाडीला ते मानवते. त्याच्या उलट ते घुसळायला जास्त शक्ती लागते, आणि रिकामी किंवा हलकी गाडी महामार्गावर वेगाने चालवली तर त्या घुसळण्यानेच ऑइल अधिक तापते व डिझेलही थोडे जास्त जाते. म्हणून पुस्तिकेत ८० डब्ल्यू ९० लिहिलेले असताना "भार ओढायचा आहे, जाड ऑइल घाला" हा सल्ला मी डोळे झाकून मानणार नाही. बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचवणाऱ्या वाटा त्या त्या घट्टपणासाठी आखलेल्या असतात. काही पुस्तिका बाहेरच्या तापमानानुसार किंवा कामानुसार दोन पर्याय देतात. तसे असेल तर घाट आणि भार असणाऱ्याने त्यांतला जाड पर्याय घ्यावा.

सिंथेटिक ७५ डब्ल्यू ९० विषयीही विचारणा होते. ते महाग असते, उष्णतेने लवकर खराब होत नाही आणि पुस्तिकेत ९० नंबर चालत असेल तर उत्तम आहे. पण पुस्तिकेत १४० असेल तर केवळ सिंथेटिक आहे म्हणून ९० घालणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या अ‍ॅक्सलमध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळे फिरत राहू नये म्हणून बसवलेली रचना) आहे त्यांनी त्यासाठी सांगितलेलेच ऑइल घ्यावे, नाहीतर वळणावर मागून खडखडाट सुरू होतो.

माझ्या गाडीत नेमके काय घडले होते

आता सगळे धागे जुळतात. आधी ब्रीदर बंद झाला, दाबाने पिनियन सीलमधून ऑइल झिरपले आणि पातळी खाली गेली. घाट चढताना गाडीचे तोंड वर असते, ऑइल हाउसिंगच्या मागच्या भागात जमते आणि पातळी कमी असेल तर पिनियनचे पुढचे बेअरिंग सर्वांत आधी कोरडे पडते. त्यात भरलेले ऑइल जीएल-४ आणि पाणी मिसळलेले. बेअरिंग झिजले, पिनियन किंचित हलू लागला, आणि हलणाऱ्या शाफ्टवर कोणतेही नवे सील टिकत नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आवाज येण्याचे कारणही तेच होते: इंजिनने गाडी रोखून धरली की चाके क्राऊनमार्फत पिनियनला फिरवतात, पिनियनवरच्या रेट्याची दिशा उलटते आणि बेअरिंगमधली ढील उघडी पडते. माझी गाडी भरलेल्या अवस्थेत घाट उतरते, म्हणजे सर्वांत जास्त भार नेमका याच स्थितीत येत होता.

आवाजावरून दोष ओळखताना घाई करू नये. रस्ता डांबरी असताना एक आणि सिमेंटचा असताना दुसरा असा आवाज बदलत असेल तर तो टायरचा असतो. डावीकडे-उजवीकडे वळताना कमी-जास्त होत असेल तर चाकाचे बेअरिंग पाहावे. गिअर टाकताना किंवा गाडी उचलताना एकच ठक्क असा आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आधी तपासावा. त्यासाठी अ‍ॅक्सल उघडण्याची गरज नसते. ओढताना येणारी आणि वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण पुष्कळदा दातांची असते.

ऑइल बदलताना

गाडी सपाट जागेवर आणि रिकामी असावी. ऑइल कोमट असताना काढावे, म्हणजे तळाचा गाळ बरोबर निघतो. ड्रेन प्लगला (ऑइल काढायच्या खालच्या बुचाला) पाना लावण्यापूर्वी फिलर प्लग उघडतो याची खात्री करून घ्यावी. ओळखीच्या एका गाडीचे ऑइल रात्री काढून झाले आणि मग फिलर प्लगचे कोपरे घासलेले लक्षात आले, ती गाडी सकाळच्या बाजाराला जाऊ शकली नाही आणि भरलेला माल दुसऱ्याच्या गाडीत चढवावा लागला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर जमलेला गाळ दोन बोटांत चोळून पाहावा. करडी, मऊ, काजळासारखी पेस्ट ही नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकचकीत पापुद्रे लागले तर ऑइल बदलून भागणार नाही, हाउसिंग उघडावे लागेल. माझ्या प्लगवर पेस्टमध्ये नखाच्या टोकाएवढे तीन पापुद्रे होते आणि ते पुढच्या बेअरिंगचे निघाले.

डिझेल किंवा रॉकेल घालून हाउसिंग धुण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही, कारण नळ्यांच्या टोकांना आणि बेअरिंगमध्ये राहिलेले डिझेल नवे ऑइल पातळ करते. पाणी शिरले असेल तर योग्य दर्जाचेच पण स्वस्तातले ऑइल भरावे, गाडी थोडे अंतर चालवावी आणि ते पुन्हा काढून टाकावे. आवाज दाबण्यासाठी ऑइलमध्ये ग्रीस कालवणे किंवा लाकडाचा भुसा टाकणे हे जुनी गाडी विकतानाचे उद्योग आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याने फिलर प्लग उघडून, करंगळी आत घालून, बोटाला काय लागते ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवे ऑइल साधारणपणे फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन बारीक धारेने बाहेर येऊ लागले की थांबायचे असते. काही गाड्यांत पातळी कडेच्या थोडी खाली ठेवायला सांगितलेली असते, म्हणून इथेही पुस्तिका पाहावी. गळतेच आहे तर थोडे जास्त भरून ठेवू, हा विचार मी स्वतः केला होता आणि तो चुकीचा ठरला. जास्तीचे ऑइल क्राऊनमुळे घुसळले जाते, फेसाळते, तापते आणि नळ्यांतून थेट ब्रेकच्या दिशेने जाते. माझे लायनर भिजण्यात या जास्तीच्या ऑइलचाही वाटा होता.

सील बसवताना तीन ठिकाणी चूक होते. फ्लँजच्या ज्या भागावर सीलचा ओठ फिरतो तिथे नखाला लागेल अशी खाच पडलेली असेल तर नवे सील त्याच खाचेत बसते आणि लवकरच गळते. अशा वेळी फ्लँज बदलावी किंवा तिच्यावर पातळ स्लीव्ह बसवावी. दुसरे म्हणजे अ‍ॅक्सल शाफ्ट परत आत घालताना त्याचे दाते सीलच्या ओठावरून ओढले गेले तर ओठ तिथेच चिरतो; शाफ्ट हाताने उचलून, सरळ, सावकाश घालावा आणि ओठाला आधी ऑइल लावावे. तिसरी चूक सर्वांत महाग पडते: पिनियनचा नट पाइप लावून ताकदीने आवळणे. अनेक अ‍ॅक्सलमध्ये त्या नटाच्या ताणाने आतली एक नळी ठरावीक प्रमाणात दबलेली असते आणि बेअरिंगवरचा भार तिच्यावर ठरतो. नट उघडण्यापूर्वी त्याची खूण शाफ्टवर करून ठेवली नाही आणि तो खुणेपलीकडे आवळला, तर सील चांगले राहते पण बेअरिंग काही हजार किलोमीटरांत जाते.

मिस्त्रींनी पिनियनची दोन्ही बेअरिंग, ती दबणारी नळी, तिन्ही सील आणि डाव्या बाजूचे लायनर बदलले, क्राऊन-पिनियनमधली ढील पुस्तिकेतल्या मापाला आणली आणि सव्वादोन लिटर ८५ डब्ल्यू १४० जीएल-५ भरले. पुस्तिकेत ऑइल बदलण्याचे अंतर ४०,००० किलोमीटर दिलेले आहे. घाट, भार आणि ओढ्याचे पाणी लक्षात घेऊन मी ते निम्म्यावर आणले आहे, आणि हबपर्यंत पाण्यातून गाडी गेली की त्याच आठवड्यात फिलर प्लग उघडून ऑइलचा रंग पाहतो.

पहिल्या ५,००० किलोमीटरांनंतर ऑइलचा नमुना घेण्यासाठी ड्रेन प्लग उघडला तेव्हा चुंबकावर फक्त करडी पेस्ट होती आणि ऑइल स्वच्छ, मधासारखे होते. पिनियनभोवतीची धूळ कोरडी आहे. ६० च्या पुढे थोडी गुणगुण उरली आहे आणि ती जाणार नाही, कारण दातांवर उमटलेले ओरखडे कोणत्याही ऑइलने भरून निघत नाहीत. क्राऊन आणि पिनियन एकमेकांशी जुळवलेली जोडी असल्यामुळे बदलायचे तर दोन्ही एकदम बदलावे लागतील. ब्रीदरच्या टोपीऐवजी आता ऑइलला टिकणारी रबरी नळी बसवली आहे आणि तिचे टोक चेसिसच्या वरपर्यंत नेऊन खाली वळवले आहे, म्हणजे चिखल आणि पाणी तिथे पोहोचत नाही. दर महिन्याला ती नळी अ‍ॅक्सलकडून सोडवतो आणि तोंडाने फुंकून पाहतो. दुसऱ्या टोकाला धरलेल्या हाताला वारा लागला की पुन्हा जागेवर बसवतो.